डोंगरवाटेवरच्या सायकलस्वाराला काय द्यावे?

भेट देण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. लग्नमुंजीतील आहेर असो, भाऊबीजेची ओवाळणी असो किंवा बढतीनिमित्त दिलेली वस्तू असो, देणाऱ्याच्या मनातील आपुलकी तीतून व्यक्त होते. तथापि आहेरात आलेली कितीतरी भांडी व शोभेच्या वस्तू वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असतात, हाही प्रत्येक घरचा अनुभव आहे. याउलट एकेकाळी मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलाला वडील सायकल घेऊन देत आणि ती सायकल पुढे नोकरी लागेपर्यंत, क्वचित त्यानंतरही, रोज वापरात राही. भेट उपयोगी पडली म्हणजे काय, याचा तो उत्तम नमुना होता.

नोकरीनिमित्त बेंगळुरूला स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतील तरुण मुलेमुली आज स्वतःच्या मिळकतीतून सायकल विकत घेतात. परंतु ती कचेरीत जाण्यासाठी नसते. रविवारी पहाटे शहराबाहेर पडून रानवाटा, खडकाळ उतार आणि तळ्यांचे बांध धुंडाळण्यासाठी ती घेतलेली असते. वाढदिवस किंवा दिवाळी जवळ आली की पुण्या-साताऱ्यातील आईवडिलांना, बहिणीला अथवा कचेरीतील सहकाऱ्यांना प्रश्न पडतो, सायकल तर त्याच्याजवळ आहेच, मग आता द्यायचे काय? दुकानात गेल्यावर हा प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच अवघड होतो. तेथील बहुतेक वस्तूंची नावे अपरिचित असतात आणि एका सायकलीला बसणारी वस्तू दुसरीला बसेलच असे नसते. या खरेदीत किमतीपेक्षा दोन गोष्टींची माहिती अधिक मोलाची ठरते. पहिली म्हणजे सायकलीची मापे आणि दुसरी म्हणजे ती ज्या वाटेवर चालवली जाते त्या वाटेचे स्वरूप.

माउंटन बाइक म्हणजे काय?

मराठीत नुसते ‘बाइक’ म्हटले की मोटारसायकल डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत असलेली माउंटन बाइक ही पायाने चालवायचीच सायकल होय. रुंद व खोल नक्षीचे टायर, आडवे रुंद हँडल, चढासाठी हलके गिअर, जोरकस डिस्क ब्रेक आणि बहुधा पुढील चाकाला धक्के शोषणारे सस्पेन्शन ही तिची ठळक लक्षणे आहेत. जाणकार तिला ‘एमटीबी’ या आद्याक्षरांनी ओळखतात.

या क्रीडाप्रकाराचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरीन परगण्यात झाला. तेथील काही हौशी तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावू लागले. ऑक्टोबर १९७६ मध्ये सुरू झालेली त्यांची शर्यत ‘रीपॅक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्ये असे व पेडल उलटे दाबल्यावर लागे. उतारावर तो इतका तापे की हबमधील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. या नव्याने भरण्यावरूनच शर्यतीला ते नाव पडले. देखभालीचा प्रश्न या खेळाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे, असे म्हणता येईल. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भारतात हिमाचल प्रदेशात २००५ पासून ‘एमटीबी हिमालय’ ही शर्यत होऊ लागली. सप्टेंबर २०२२ मध्ये लेह येथे या खेळाच्या एलिमिनेटर विश्वचषकाची फेरी झाली, तर २०२३ साली केरळातील पोनमुडी येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा पार पडली.

बेंगळुरूची वाट

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरूची हवा सायकलीला अनुकूल आहे. २००८ साली सुरू झालेल्या ‘टूर ऑफ नीलगिरीज’सारख्या सायकलसफरीमागे याच शहरातील सायकलप्रेमींचा पुढाकार होता. डांबरी चढाचा सराव करण्यासाठी सायकलस्वार सुमारे १,४७८ मीटर उंचीच्या नंदी टेकडीकडे जातात. माउंटन बाइकवाल्यांचे लक्ष मात्र कनकपुरा रस्त्याजवळच्या तुरहळ्ळीसारख्या आणि येलहंक्यापलीकडील अवलहळ्ळीसारख्या वनक्षेत्रांतील पायवाटांकडे अधिक असते. वनक्षेत्रातील प्रवेशाचे नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे जाण्यापूर्वी वन विभागाच्या सूचना पाहणे आवश्यक असते.

या वाटांची तीन वैशिष्ट्ये भेटवस्तू निवडताना ध्यानात घ्यावी लागतात. पहिले वैशिष्ट्य म्हणजे खडक. लालबागेतील जी टेकडी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जतन केली आहे, त्याच जातीचा प्राचीन नाइस खडक शहराभोवती ठिकठिकाणी उघडा पडलेला आहे. उन्हात तो टायरला चांगली पकड देतो, पण त्यावर पडल्यास तळहात, कोपरे व गुडघे सोलवटून निघतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे काटे. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात आणि कर्नाटकात जी ‘बळ्ळारी जाली’ या नावाने ओळखली जाते, ती परदेशी काटेरी वनस्पती दक्षिणेत सर्वत्र पसरलेली आहे. तिचा व इतर बाभळींचा वाळलेला काटा जाड टायरमधूनही सहज आत शिरतो. तिसरे वैशिष्ट्य म्हणजे तांबडी माती. उन्हाळ्यात तिची बारीक धूळ चेनच्या सांध्यांत जाऊन बसते आणि एप्रिल-मे महिन्यांतील वळिवापासून ऑक्टोबरपर्यंतच्या पावसात तिचाच चिकट चिखल होतो.

खरेदीपूर्वीचे टिपण

ज्यांच्या पिढीने काळी, भक्कम सायकल वापरली, त्यांना सायकलीचे सुटे भाग गावोगावी एकाच मापाचे मिळत असल्याची सवय आहे. आजच्या सायकलीत मापांचे वैविध्य फार आहे. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी सायकलीजवळ पाच मिनिटे उभे राहून पुढील नोंदी कागदावर घ्याव्यात. सायकल दूरगावी असेल तर घरातील एखाद्या व्यक्तीला छायाचित्रे पाठवण्यास सांगावे.

१. टायरचे माप. ते टायरच्या कडेवर छापलेले असते. उदाहरणार्थ २९ x २.२५ किंवा ५७-६२२. दुसऱ्या प्रकारात पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास मिलिमीटरमध्ये दाखवतो. २६ इंची टायरसाठी हा व्यास ५५९, २७.५ इंचीसाठी ५८४ आणि २९ इंचीसाठी ६२२ असतो.

२. वॉल्व्हचा प्रकार. जुन्या देशी सायकलीत रबरी वॉल्व्हट्यूब घातलेला वॉल्व्ह असे. आज दोन प्रकार आढळतात. मोटारगाडीसारखा जाड तो श्रेडर, आणि टोकाला बारीक फिरकी असलेला सडपातळ तो प्रेस्टा.

३. मागील गिअरची संख्या. मागच्या चाकावरील दातेरी चकत्या मोजाव्यात. त्या आठ, नऊ, दहा, अकरा किंवा बारा असतात. चेन व तिचे जोड त्या संख्येप्रमाणे घ्यावे लागतात.

४. टायरमध्ये ट्यूब आहे की नाही. ट्यूबलेस चाकात सीलंट नावाचे पातळ दुधी द्रव्य असते. ही बाब विचारूनच खात्री करून घ्यावी लागते.

या चार नोंदी हाती असल्या की चुकीच्या खरेदीची शक्यता बरीच कमी होते.

अंग जपणाऱ्या भेटी

भेटींमध्ये पहिला मान हेल्मेटचा. मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटसक्ती मोटारसायकलीला लागू आहे, सायकलीला नाही. त्यामुळे सायकलस्वार ते कधी घेतो, कधी पुढे ढकलतो. मोटारसायकलीचे हेल्मेट सायकलीसाठी चालत नाही. ते जड असते, त्यात हवा खेळत नाही आणि चढावर घामाने जीव नकोसा होतो. सायकलीच्या हेल्मेटवर युरोपचे ‘ईएन १०७८’ किंवा अमेरिकेचे ‘सीपीएससी’ हे मानक नोंदलेले आहे की नाही ते पाहावे. माउंटन बाइकसाठीचे हेल्मेट डोक्याची मागील बाजू अधिक झाकते. मापासाठी भुवयांच्या थोडे वर डोक्याभोवती टेप धरून घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा.

हेल्मेटच्या आतील फेस आघाताच्या वेळी चिरडला जाऊन धक्का स्वतःकडे घेतो आणि हे काम तो एकदाच करू शकतो. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बदलावे लागते. आपला मुलगा किंवा मुलगी नुकतीच सायकलवरून पडली असेल आणि जुनेच हेल्मेट वापरत असेल, तर त्या वर्षीच्या भेटीचा प्रश्न तेथेच सुटला असे समजावे.

दुसरी भेट हातमोज्यांची. पडताना माणूस स्वभावतः हात पुढे करतो. अशा वेळी बोटे पूर्ण झाकणारे हातमोजे खडकावर तळहाताचे रक्षण करतात व एरवी घामाने हँडलवरची पकड सुटू देत नाहीत. ज्यांच्या वाटेत तीव्र उतार आहेत त्यांना गुडघ्याचे पॅड उपयोगी पडतात. मात्र त्यासाठी मांडी व पोटरीचा घेर ठाऊक असावा लागतो. पारदर्शक काचेचा चष्मा पहाटेच्या अंधुक उजेडातही वापरता येतो आणि फांद्या व किडे यांपासून डोळे वाचवतो.

शहरातील रहदारी टाळण्यासाठी हे सायकलस्वार उजाडण्यापूर्वी घर सोडतात. रानवाटेपर्यंतचे अंतर मात्र त्यांना हमरस्त्यानेच कापावे लागते. म्हणून पुढे पांढरा व मागे लाल, असे चार्ज करता येणारे दोन दिवे ही अत्यंत समयोचित भेट ठरते. पाण्यासाठी पाठीवर घ्यायची दोन लिटरच्या आसपासची पाणपिशवी द्यावी. रानवाटेवर सायकलीच्या दांड्यावरील बाटलीच्या तोंडाशी चिखल आणि शेण उडते, ही अडचण पाठीवरच्या पिशवीला नसते.

अडल्या वेळी कामी येणाऱ्या भेटी

शहरात पंक्चर झाले तर कोपऱ्यावर दुकान असते. रानात चार-पाच किलोमीटर आत शिरल्यावर स्वतःचे हात आणि सोबतची सामग्री यांवरच भिस्त असते. म्हणून दुरुस्तीच्या साहित्याची भेट दिसायला साधी असली तरी देणाऱ्याची आठवण तिच्यामुळेच अधिक वेळा निघते.

योग्य मापाच्या व वॉल्व्हच्या दोन ट्यूब, टायर उतरवण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, पंक्चर काढण्याचे ठिगळ व सोल्युशन आणि दांड्याला अडकवता येणारा लहान पंप, एवढा संच खोगिराखालच्या छोट्या पिशवीत व पाठीवरच्या पिशवीत मावतो. त्याला घडीचा हत्यारसंच जोडावा. त्यात ४, ५ व ६ मिलिमीटरच्या ॲलन की, टी-२५ हे तारेच्या आकाराचे टोक आणि चेन तोडण्याचे साधन अवश्य असावे. गिअरच्या संख्येशी जुळणारा चेनचा जोड, ज्याला क्विकलिंक म्हणतात, आकाराने बोटाच्या पेराएवढाही नसतो. पण चढावर चेन तुटली असता त्याच्यावाचून सायकल ढकलत आणावी लागते. ट्यूबलेस चाक असेल तर सीलंटची बाटली व छिद्र बुजवण्याच्या चिकट दोऱ्यांचा संच द्यावा. सीलंट काही महिन्यांत वाळून जाते आणि उष्ण हवेत ते अधिक लवकर वाळते, त्यामुळे ही भेट दरवर्षी पुन्हा दिली तरी वाया जात नाही.

यासोबत छोटी प्रथमोपचार पेटी, एक शिट्टी आणि नाव, रक्तगट व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले जलरोधक ओळखपत्र द्यावे. आणीबाणीचा ११२ हा क्रमांक त्याच ओळखपत्राच्या मागे लिहावा. दोघातिघांनी मिळून भेट द्यावयाची असेल, तर सेंट जॉन अँब्युलन्ससारख्या संस्थेच्या प्रथमोपचार वर्गाचे शुल्क भरणे ही भेट साऱ्या चमूला उपयोगी पडते.

सायकलीचे आयुष्य वाढवणाऱ्या भेटी

उभ्याने वापरायचा, दाबमापक असलेला फ्लोअर पंप ही घरी ठेवण्याच्या साहित्यातील सर्वांत वापरली जाणारी वस्तू होय. माउंटन बाइकच्या टायरमध्ये बहुधा २० ते ३५ पीएसआय एवढाच दाब ठेवतात आणि त्यात दोन-तीन पीएसआयचा फरकही खडकावर जाणवतो. दाबमापकाशिवाय तो साधणे कठीण. हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनसाठी शॉक पंप हे निराळे उपकरण लागते. दोहोंची गल्लत करू नये.

चेनचे गणित बँकेच्या ग्राहकांना विशेष पटण्याजोगे आहे. चेनच्या पिना झिजू लागल्या की तिची लांबी किंचित वाढते. अशी लांबलेली चेन मागच्या कॅसेटचे व पुढच्या चकतीचे दात झिजवू लागते. कॅसेट चेनपेक्षा पुष्कळ महाग असते. चेनचेकर नावाची एक लहानशी पट्टी ही झीज दाखवते. अकरा व बारा गिअरच्या चेनमध्ये ती ०.५ टक्के, तर दहापर्यंतच्या गिअरमध्ये ०.७५ टक्के झाली की चेन बदलणे इष्ट मानले जाते. नव्या चेनचे चोवीस दुवे बरोबर १२ इंच, म्हणजे सुमारे ३०५ मिलिमीटर भरतात. त्यात दीड मिलिमीटरची वाढ म्हणजेच अर्धा टक्का. अल्प किमतीची ही पट्टी वेळीच इशारा देऊन मोठा खर्च वाचवते.

चेनसाठी तेल देताना कोरड्या दिवसांचे ‘ड्राय’ आणि पावसाळ्याचे ‘वेट’ असे दोन प्रकार लक्षात ठेवावेत. तांबड्या धुळीच्या दिवसांत चिकट तेल वापरल्यास धूळ धरते व चेन लवकर झिजते. शिलाई यंत्राचे किंवा खोबरेल तेल या कामाचे नव्हे. तेल डिस्क ब्रेकवर उडू नये, अन्यथा ब्रेक निकामी होतात, अशी सूचनाही भेटीसोबत द्यावी. ज्यांना यातील काहीच निवडणे जमत नाही, त्यांनी सायकल ज्या दुकानात दुरुस्तीला जाते, तेथे एका पूर्ण सर्व्हिसिंगचे पैसे आगाऊ भरून पावती द्यावी. पावसाळा संपल्यावर प्रत्येक माउंटन बाइकला तिची गरज असतेच.

काय देऊ नये?

खोगीर, बूट व पेडल या वस्तू अचानक भेट म्हणून देऊ नयेत. खोगिराची रुंदी बसण्याच्या हाडांमधील अंतरावर ठरते आणि शेजाऱ्याला सुखावह वाटणारे खोगीर दुसऱ्याला तासाभरात नकोसे होते. पेडल साधे असावे की बूट अडकवण्याचे, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा प्रश्न आहे. ब्रेकचे पॅड व ब्रेकमधील द्रव हे बनावटीप्रमाणे बदलतात. काही ब्रेकना खनिज तेल, तर काहींना ‘डॉट’ द्रव लागतो. एकाच्या जागी दुसरे वापरल्यास आतील रबरी भाग बिघडून ब्रेक फसण्याचा धोका असतो. मानक न छापलेली, केवळ स्वस्त म्हणून घेतलेली हेल्मेटही टाळावीत.

रक्कम, पावती आणि विमा

साधारण ५०० रुपयांच्या आत पंक्चरसंच, क्विकलिंक किंवा चेनचेकर यांसारखी उपयुक्त वस्तू येते. त्याहून काही अधिक खर्चाची तयारी असल्यास हत्यारसंच, दिवे किंवा हातमोजे यांचा विचार करावा. हेल्मेट व फ्लोअर पंप या त्यावरच्या पायरीच्या वस्तू झाल्या. कचेरीतील सहकाऱ्यांनी वर्गणी काढून एकच चांगले हेल्मेट देणे, हे प्रत्येकाने वेगळी किरकोळ वस्तू देण्यापेक्षा श्रेयस्कर. मापाविषयी शंका असेल तर भेटकार्डाचा पर्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या प्रीपेड भेटकार्डाची कमाल रक्कम १०,००० रुपये असते. त्यात पुन्हा भरणा करता येत नाही व त्यातून रोख रक्कम काढता येत नाही. मोठ्या भेटीसाठी दरमहा ५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडल्यास वर्षअखेर ६,००० रुपये मुद्दल व त्यावरील व्याज हाती येते आणि ऐन दिवाळीत खर्चाचा ताण पडत नाही.

वस्तूसोबत पावती व हमीपत्र अवश्य द्यावे. माप चुकल्यास वस्तू बदलून मिळण्याची अट खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावी. सायकलीला मोटारगाडीसारखी नोंदणी नसते. त्यामुळे बहुधा पेडलच्या सांध्याखाली कोरलेला फ्रेम क्रमांक व खरेदीची पावती हाच मालकीचा मुख्य पुरावा ठरतो. तो क्रमांक टिपून व पावतीची प्रत काढून ठेवणे, ही बिनखर्चाची सेवा घरातील कोणीही करू शकेल. गृहधारकांच्या अनेक विमा पॉलिसींत सायकलीसाठी स्वतंत्र विभाग असतो. त्यातील अटी व विम्याची रक्कम तपासून घ्यावी. वैयक्तिक अपघात विमा घेताना शर्यती व साहसी क्रीडाप्रकार त्यातून वगळलेले नाहीत ना, हे वाचून पाहावे. १८ ते ७० वर्षे वयाच्या बचत खातेदारांसाठी असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपये हप्त्यावर अपघाती मृत्यू अथवा पूर्ण कायम अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. कुटुंबातील तरुण सायकलस्वार तीत सहभागी आहे की नाही, याची चौकशी करण्यास भेटीचा प्रसंग निमित्त ठरावा.

नवरात्रातील नवमीला कर्नाटकात आयुधपूजा असते व महाराष्ट्रात तीच खंडेनवमी म्हणून साजरी होते. त्या दिवशी बेंगळुरूच्या घराघरांसमोर मोटारींबरोबर सायकलीही धुऊन, हळदकुंकू व झेंडूची माळ लावून उभ्या केलेल्या दिसतात. माउंटन बाइकवाल्यासाठी भेट निवडण्यास याहून उचित मुहूर्त नाही. पाऊस ओसरू लागलेला असतो, झिजलेली चेन व उघडे पडलेले टायर धुताना नजरेस येतात आणि पुढील कोरड्या महिन्यांत वाटा पुन्हा चालत्या होणार असतात. टायरवरचे आकडे लिहून घेण्यास त्या दिवशीची पाच मिनिटे पुरेशी आहेत.